काटीचा दिवस

सहादेव वाबळ्यांना, म्हणजे आबांना, माणसं पायांवरून ओळखू यायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. समोर कुणी उभं राहिलं तर ते चुलीच्या धुरात उभं असल्यासारखं दिसायचं, नाक कुठं आणि कान कुठं याचा पत्ता नाही. पण तोच माणूस चार पावलं चालला की आबा त्याला नावानिशी हाक मारायचे आणि वर विचारायचे, "डाव्या पायात काटा मोडलाय का रं?" आणि मोडलेला असायचा.

बेलापूरच्या अलीकडे, प्रवरेच्या पाटाखाली, आबांचं आठ एकरांचं सलग रान होतं. रानाच्या एका अंगाला सडक. सडकेवर एस.टी.चा थांबा, शाळा आणि मिशनचा दवाखाना. दुसऱ्या अंगाला ओढा, आणि ओढ्यापलीकडे ख्रिस्ती माणसांची पंधरा-वीस घरांची वस्ती. वस्तीतून सडकेला यायचं तर आबांच्या रानातून तिरकी गेलेली पायवाट, पाव मैलाची. नाहीतर ओढ्याच्या कडेकडेनं पाणंदीचा वळसा, अडीच मैलांचा. वाट किती जुनी हे आबांनाही ठाऊक नव्हतं. दरवर्षी रान नांगरलं जायचं, नांगर वाटेवरूनही फिरायचा, आणि आठ दिवसांत वस्तीची पावलं ढेकळं फोडून त्याच तिरक्या रेषेत तीच वाट पुन्हा पाडायची. आबा म्हणायचे, हे रान झोपेतसुद्धा ती वाट विसरत नाही.

वाटेच्या मध्यावर, बांधाला, एक जुना लिंब होता. त्याच्याखाली घोंगडी टाकून आबा सकाळपासून बसत. साठी उलटली होती, रान वाट्यानं दिलं होतं, एकुलती लेक पाथर्डीकडे नांदत होती. बसायला वेळच वेळ. उजाडलं की पहिली यायची एलिझाबेथबाई, शांतवन मास्तरांची बायको. ती दवाखान्यात आया होती. सडक येईतो चपला हातात धरायची, त्यामुळे तिची पावलं अनवाणी, हलकी आणि भरभर. मग अब्राहाम, मास्तरांचा पुतण्या, सायकल हातानं ढकलत. आधी चाकाची कटकट आणि मागून पावलं. मग शाळेच्या पोरांचा गलका. आणि सगळ्यांत शेवटी मास्तर स्वतः. त्यांचा उजवा बूट करकरायचा, आणि लिंबाजवळचा पाण्याचा दंड आला की ते क्षणभर थांबून एक छोटीशी उडी मारायचे. पंचावन्न वर्षांच्या माणसानं अशी उडी मारणं शोभतं का, असं आबांच्या बायको, मुक्ताबाई, म्हणायच्या. पण ती उडी ऐकल्याशिवाय आबांचा दिवस सुरू होत नसे.

दुपारी वाट ओस पडे. लिंबाची सावली घोंगडीवरून सरकत जाई आणि आबांचा डोळा लागे. स्वप्नातही त्यांना माणसं दिसत नसत, नुसती पावलं जाताना ऐकू येत. कधी वडिलांची, कधी लेकीची लहानपणची, पैंजणासकट, कधी अजून जन्माला यायच्या कुणाची. जागे झाले की ते शेजारी शेंगा फोडत बसलेल्या मुक्ताबाईंना विचारत, "आत्ता कोन गेलं गं?"

"कुनी न्हाई. तुमी घोरत हुता."

आता या माणसाचा एक मोठा दुर्गुण सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आबांना हुकूम सोसत नसे. ऐकायचाही नाही आणि करायचाही नाही. तरुणपणी त्यांच्या बैलांच्या पाठीवर कधी चाबूक पडला नाही. बैल थांबले तर हेही थांबायचे आणि बैलांना वाटेल तेव्हा पुढं जायचे. त्यांची नांगरट गावात सर्वांत शेवटी उरकायची. सरकारची धान्याची लेव्ही आली तेव्हा तलाठ्याला त्यांनी ज्वारीचा दाणा दिला नाही, आणि त्याच संध्याकाळी लेव्हीएवढी ज्वारी अडलेल्या घरांत वाटून मोकळे झाले. सगळा गाव साखर कारखान्याचा सभासद झाला, हे झाले नाहीत. "ऊस माझा, पन तो कवा तोडायचा ते चिठ्ठी सांगनार? न्हाई जमायचं," असं म्हणून त्यांनी ऊस लावणंच सोडलं. गाव त्यांना तऱ्हेवाईक म्हणे. गावाचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

मुक्ताबाईंचं यावर स्वतंत्र मत होतं. "मला कवा हुकूम केला न्हाई ह्यांनी, खोटं कशाला बोलू? नुसती ताटाकडं बघत बसायची तेवढी सवय."

आणि अशा या माणसाच्या रानात वर्षातून एक दिवस काटी पडायची.

त्याचं असं झालं होतं की, आबांच्या वडिलांचं ओढ्याच्या वर आणखी एक रान होतं. त्यातून शेजारी ये-जा करायचा. वडिलांनी कधी अडवलं नाही. पुढं शेजाऱ्यानं कोर्टात वहिवाट सिद्ध केली आणि गाडीच्या रुंदीची पट्टी कायमची गेली. नगरचा वकील म्हणाला, वर्षातून एक दिवस जरी वाट बंद ठेवली असतीत, तरी ती तुमची राहिली असती. म्हाताऱ्याच्या ते काळजाला लागलं. तेव्हापासून पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, खालच्या रानातल्या या वाटेच्या दोन्ही तोंडांना बाभळीची काटेरी फांदी, म्हणजे काटी, आडवी टाकायची रीत पडली. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस वाट सगळ्यांची. हा एक दिवस, ती कुणाची आहे हे सांगायला.

वडील गेल्यावर आबांनी ती रीत सोडली नाही, पण तिला आपल्या स्वभावाचं वळण दिलं. सूर्य टेकला की ते स्वतः ओढ्याकडची काटी उचलून बाजूला ठेवायचे आणि गूळ-फुटाण्यांची परडी घेऊन उभे राहायचे. वस्तीतली माणसं येत, गूळ खात, हसत, वाटेनं दोन पावलं जाऊन परत फिरत. पोरांना तर तो सणच वाटायचा. 'काटीचा दिवस' असं वस्तीनंच त्याचं नाव ठेवलं होतं. आबांना वाटायचं, या दिवसाचं कुणाला काही वाटत नाही. असं वाटायला डोळ्यांत मोतीबिंदूच हवा असं नाही.

शांतवन मास्तर आणि आबा यांचं वीस वर्षांचं गूळपीठ होतं. शाळा सुटल्यावर मास्तर लिंबाखाली टेकायचे, आबांना काहीतरी वाचून दाखवायचे, आणि मग दोघं भांडायचे. सत्तर सालच्या थंडीत मास्तरांनी पुण्याहून आलेलं एक मासिक आणलं.

"सहादेवराव, तुमच्यासारखी माणसं जगात पुष्कळ आहेत. त्यांच्या मताला नावसुद्धा आहे. व्यक्तिस्वातंत्र्यवाद."

"लई लांब हाय. पन सांगा."

मास्तरांनी वाचलं. माणूस हा स्वतःचा धनी. त्याचं अंग, त्याचे कष्ट, त्याची मिळकत त्याची. दुसऱ्याला इजा होत नाही तोवर त्याला कुणी अडवू नये, सरकारनंही नाही. सरकार जेवढं थोडं तेवढं बरं. जे द्यायचं ते माणसानं आपखुशीनं द्यावं. हुकमानं घेतलेलं दान म्हणजे दान नव्हे.

आबा उठून बसले. "अक्षी माझ्या पोटातलं लिव्हलंय! कोन हाय ह्यो मानूस? त्याला हिकडं जेवायला बोलवा."

"थांबा, पुढं ऐका. लेखाचा दुसरा भाग आहे," मास्तर म्हणाले आणि पुढं वाचू लागले. पण ऊन मऊ होतं, लिंबातून वारा येत होता, आणि सुख झालं की आबांना झोप यायची. मास्तरांनी पान उलटलं तेव्हा आबा घोरत होते. मास्तरांनी मासिक त्यांच्या घोंगडीखाली सरकवलं, दंडावरून उडी मारली आणि घरी गेले.

त्या दिवसापासून आबा छाती काढून सांगायला लागले, आपण व्यक्तिस्वातंत्र्यवादी आहोत. लोकांना वाटलं, हा एखादा नवा पक्ष असेल.

फेब्रुवारीत गटवारीची माणसं आली. सर्व्हे नंबर मोडून जमिनींचे गट पाडायचे, नवे नकाशे काढायचे, असं सरकारी काम होतं. मोजणीदार साखळी ओढत आबांच्या रानात आला आणि लिंबाखाली बसून म्हणाला, "आजोबा, ही वाट नकाशात रस्ता म्हणून दाखवावी असा वस्तीचा अर्ज आहे. तुमची हरकत आहे का?"

"अर्ज? कशाला अर्ज? वाट तर हायेच की. कोनी लिव्हला?"

मोजणीदारानं कागद वर करून खालची सही वाचली. शांतवन मास्तरांची होती.

त्या संध्याकाळी मास्तर आले तेव्हा आबांनी त्यांना बसा म्हटलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"मास्तर, मी कुनाला कवा आडवलं?"

"नाही."

"कुनाकडं कवा काय मागितलं?"

"कधीच नाही."

"मग माज्या मनावरचा इस्वास कवा उडाला तुमचा?"

मास्तर उभेच राहिले. "तुमच्या मनावर विश्वास आहे, सहादेवराव. पण वस्तीतली पोरं तुमच्या मनावरून चालत शाळेला जातात. उद्या तुम्ही नसाल, रान दुसऱ्याचं होईल, त्याचं मन कसं असेल? आणि खरं सांगू? तुमच्या गुळाचा खडा मला कधी गोड लागला नाही."

मास्तर पुढं बोलतच राहिले.

"माझ्या आजोबांना गावातून जायचं तर वेशीपाशी थांबून हाळी द्यावी लागायची. कुणी या म्हटलं तर जायचं. ते मरताना बापाला सांगून गेले, वाट मागायची नाही. आम्ही धर्म बदलला, शिकलो, मी मास्तर झालो. आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तुमची काटी बघितली की मी परत वेशीपाशी जाऊन उभा राहतो. तुम्ही स्वातंत्र्य म्हणता. काटी ठेवणाराचं स्वातंत्र्य मला दिसतं. अलीकडं उभा आहे त्याच्या स्वातंत्र्याचं काय? लेखाचा दुसरा भाग त्याच्यावरच होता. तुम्ही झोपलात."

"सरकारच्या हुकमानं घेनार तुमी माजं रान."

"तुमच्या हुकमानं थांबतो आम्ही."

"एक दिस!"

"एकच दिवस. पण तो कुठला, हे तुम्ही ठरवणार."

आबांनी मोजणीदाराकडे हरकत नोंदवली. वैशाखात चावडीत सुनावणी ठरली. मास्तरांचं येणं-जाणं चालू राहिलं, उडीही ऐकू यायची, पण उडीनंतर पावलं थांबत नसत. आबा कान देऊन बसत, आणि करकर सडकेकडं निघून जाई.

एकाहत्तर सालचा पाडवा शनिवारी आला. रविवारी उजाडायला आबा चाचपडत गेले आणि वाटेच्या दोन्ही तोंडांना काटी टाकून आले. मुक्ताबाई म्हणाल्या, "औंदा र्‍हाऊ द्या की." आबा म्हणाले, "औंदाच र्‍हायली तर मी हरलो म्हनतील."

दिवस वर आला. रानात पाऊल नव्हतं. आबा लिंबाखाली बसून राहिले. असली शांतता त्यांना वर्षातून एकदा बरी वाटायची. तीत त्यांची जुनी पावलं जास्त स्पष्ट येत. त्यांना वाटलं, संध्याकाळी परडी घेऊन उभं राहायचं आणि मास्तरांना पहिला खडा द्यायचा. म्हणायचं, गोड लागला न्हाई तर थुका, पन घ्या. ते कसं म्हणायचं याची त्यांनी दोन-तीनदा मनात तालीमही केली. मध्येच ओढ्यापलीकडे गलबला ऐकू आला, कुत्री भुंकली. रविवारची उपासना सुटली असेल, असं त्यांना वाटलं. मग तो गलबला पाणंदीनं लांब लांब गेला. आबांना झोप लागली.

सूर्य टेकल्यावर त्यांनी काटी उचलली आणि परडी घेऊन उभे राहिले. कुणी आलं नाही. अंधारून आलं तरी कुणी आलं नाही. शेवटी मागून मुक्ताबाईंची पावलं आली, पळत. मुक्ताबाई कधी पळत नसत.

मास्तरांना फुरसं चावलं होतं. उपासनेनंतर सरपण काढायला गेले आणि उजव्या पावलाला डसलं. बाजेवर घालून चौघांनी उचललं. वाटेच्या तोंडाशी आले तर काटी. अब्राहाम ती पायानं उडवणार, तर मास्तरांनी बाजेवरून त्याचा हात धरला. "काटी त्यांनी ठेवलीय. आपण मोडायची नाही." एलिझाबेथबाई म्हणाली, मी आबांना हाक मारते, लिंबाखालीच असतील. मास्तर तिलाही नको म्हणाले. "मागायची नाही. वळसा घ्या." सगळी वस्ती त्यांच्या हाताखाली शिकलेली, कुणाला त्यांचा शब्द ओलांडता आला नाही. अडीच मैल पाणंद, चाकोऱ्या, खांद्यावर बाज. दवाखान्यात लस टोचली तोवर पाय मांडीपर्यंत सुजला होता. तिथून जीपमध्ये घालून नगरला नेलं. जीव वाचला हे चार दिवसांनी कळलं. उजवं पाऊल घोट्यापासून काढावं लागलं. तासभर आधी आणलं असतं तर कदाचित वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

त्या संध्याकाळी मुक्ताबाईंचं सांगून झालं तेव्हा आबांच्या हातातली परडी तशीच होती. "मी तर हितंच हुतो," ते म्हणाले. "हाक मारली असती तर ऐकली असती मी. मी जागा हुतो." मग त्यांना आठवलं, की नव्हतो.

पंधरा दिवसांनी आबा मुक्ताबाईंचा हात धरून नगरच्या दवाखान्यात गेले. घोंगडीखालचं मासिक त्यांनी बंडीच्या खिशात घेतलं होतं. खाटेशेजारी एलिझाबेथबाई बसली होती. आबांना बघून ती उठली आणि बाहेर गेली. तिची पावलं त्यांना पहिल्यांदाच जड वाटली.

"हाक का न्हाई मारली, मास्तर?"

"मारली असती तर तुम्ही धावत आला असतात."

"अनवानी आलो असतो!"

"ठाऊक होतं."

"मग?"

मास्तरांनी वरच्या पंख्याकडे बघितलं. "अर्जात मी लिहिलं होतं, वाट ही मागायची गोष्ट नाही. आणि दोन महिन्यांच्या आत माझ्यावरच मागायची पाळी आली. मला वाटलं, आज मागितली तर जन्मभर मागावी लागेल. त्या वेळी ते फार खरं वाटलं."

"आन आता?"

"आता पाय दुखतो. जो नाही तोच दुखतो."

आबांना हुंदका आवरेना. "कागद खरा र्‍हावा म्हनून पाय घालवलात व्हय तुमी?"

"आणि तुम्ही काटी कशासाठी ठेवता? कागदच खरा राहावा म्हणून ना?" मास्तर म्हणाले, आणि त्यांना थोडं हसू आलं. "दोघंही एकाच पंथाचे आपण. हट्टाच्या."

आबांनी मासिक काढून खाटेवर ठेवलं. "उरल्यालं वाचा. मी झोपत न्हाई."

मास्तरांनी वाचलं. स्वातंत्र्यवादी हे नाव सांगणारांत दोन घराणी आहेत. एक म्हणतं, माझं ते माझं, त्यात कुणी पाय टाकू नये. दुसरं म्हणतं, जमीन कुणीच घडवली नाही, मग ती एकट्याची कशी? हुकूम नुसता सरकारच करतं असं नाही, कुंपणही करतं. ज्याला दुसऱ्याच्या मर्जीवर जगावं लागतं तो मोकळा नव्हे, मर्जी कितीही चांगली असो. दोन्ही घराणी एकमेकांना तोतया म्हणतात, आणि भांडण अजून मिटलेलं नाही.

"पटलं?" मास्तरांनी विचारलं.

"कष्ट केल्याली जमीन कुनाचीच न्हाई, हे न्हाई पटलं," आबा म्हणाले. "मर्जीचं पटलं."

वैशाखात ते चावडीत गेले आणि हरकत मागं घेतली. "पन लिव्हा," त्यांनी कारकुनाला सांगितलं, "की कुनाच्या हुकमानं न्हाई, सहादेवानं आपल्या मनानं दिली."

"आजोबा, असा रकाना नाही."

"मग कुठंतरी कडंला लिव्हा."

"कडेला शिक्का येतो."

आबांनी सही केली. वाट नकाशात गेली, आबा लिंबाखाली जाऊन बसले आणि वाट बघू लागले.

कुणी आलं नाही. एलिझाबेथबाई पाणंदीनं जाऊ लागली होती, अब्राहाम पाणंदीनं, पोरं पाणंदीनं. काटीच्या दिवसापासून वस्तीतलं एकही पाऊल त्या वाटेवर पडलं नव्हतं. नकाशाचं कळलं तरी पडलं नाही. कुणी तसं ठरवलंही नव्हतं; कुणाचं मनच होत नव्हतं. आबांनी दंडावर फळी टाकून घेतली, वाटेतले धोंडे स्वतः चाचपून उचलले, तरी नाही. पाऊस झाला, हरळी वाढली. नांगर फिरला, आणि या वर्षी ढेकळं ढेकळंच राहिली. दुपारी डोळा लागला तर स्वप्नातही काही ऐकू येईना. नुसतं रान, आणि त्यात ते एकटे बसलेले.

"त्यांना जाऊन सांग," एक दिवस ते मुक्ताबाईंना म्हणाले. "म्हनावं, वाट तुमचीच हाय. या म्हनावं."

मुक्ताबाई खुरपं बाजूला ठेवून म्हणाल्या, "आनि न्हाई आली तर? हुकूम करनार? तुमीच म्हनता न्हवं, ज्याच्या-त्याच्या मनावर?"

 जन्मभर आबांनी माणसाला मोकळं सोडावं असं म्हटलं होतं, आणि मोकळी माणसं निघून गेली होती. त्यांना फार एकटं वाटलं. ते घोंगडीवर कुशीला वळले आणि कान जमिनीला लावून पडून राहिले.

श्रावण सरत आला होता. सकाळचं ऊन पडलं होतं, बाजरी कमरेला आली होती. आबा अर्धवट झोपेत होते. ओढ्याकडून काहीतरी येत होतं. ठक. मग एक पाऊल. मग ठक. आबांना वाटलं, स्वप्नच आहे. पण पाठीखालची जमीन खरोखर वाजत होती. ते उठून बसले. जनावर म्हणावं तर जनावर नाही. वस्तीतलं सगळं माणूस त्यांनी आठवून पाहिलं. अशी चाल कुणाचीच नव्हती. ढेकळांत ते अडखळत होतं, थांबत होतं, पुन्हा निघत होतं. दंडापाशी आलं आणि बराच वेळ थांबलं. मग फळीवर काठी वाजली.

समोर धुरात कुणीतरी उभं होतं.

"कोन हाय?" आबांनी विचारलं.

"ओळखलं नाहीत?"

मास्तरांचा आवाज होता. आबांनी हात पुढं केला, तो काखेतल्या कुबडीला लागला, मग खाली सरकला आणि घोट्यापाशी थांबला. आबांना रडू कोसळलं. वीस वर्षांत त्यांना या माणसाला कधी 'कोण' म्हणून विचारावं लागलं नव्हतं.

"उडी मारता येत नाही आता," मास्तर म्हणाले. "फळी टाकलीत, बरं झालं."

"वाट तुमची हाय, मास्तर. नकाशात."

"माहीत आहे. म्हणूनच न विचारता आलो." मास्तरांना धाप लागली होती. त्यांनी लिंबाच्या बुंध्याला हात टेकला. "पण हा लिंब वाटेच्या बाहेर आहे. तुमच्या हद्दीत. बसू का?"

 घोंगडीवर आबा सरकले, आणि अर्धी घोंगडी मोकळी झाली.

तासभर दोघं बसले. भांडले नाहीत, फारसं बोललेही नाहीत. मग मास्तर उठले आणि आले तसे वस्तीकडे निघाले. आबांनी मान खाली घातली, डोळे मिटले, आणि सगळा जीव कानात आणून ऐकत राहिले. ठक, पाऊल, ठक, पाऊल. कुबडी थोडी आधी, पाऊल थोडं मागून, आणि मध्ये एक श्वास. ओढ्यापर्यंत त्यांनी ती चाल पाठ केली. उद्या मास्तर आले तर त्यांना कोण म्हणून विचारायचं नव्हतं.